काळी चार

गुरुदासची पेटी आली की मी आधी पट्ट्या बघायचो,
माणूस काय बोलतो ते नंतर.
काळी चार झिजून शिंपल्यासारखी खोल,
आणि त्याच्या स्वतःच्या गळ्याची पांढरी एक
आणली तेव्हा होती तश्शी. कोरी.

मुगभाटात जिन्याखाली माझं दुकान.
रत्नप्रभा म्हार्दोळकरांचा मुलगा
वाकून आत यायचा, सहा फुटी.
शाळेच्या दाखल्यावर आईचंच नाव,
वडिलांच्या रकान्यात आडवी रेघ.
ती रेघ म्हणे महिन्यातून दोनदा
मोटारीतून यायची, पेढे घेऊन.
मी विचारलं नाही.
पेटीवाल्यानं भात्याच्या आत बघावं, घराच्या नाही.

दिवसा तो ताडदेवला रेकॉर्डिंगला,
साठ वाजवणाऱ्यांत चौथ्या रांगेत ॲकॉर्डियन.
एका केशतेलाच्या जाहिरातीची चाल त्याची,
अख्खी मुंबई दाढी करताना गुणगुणायची.
एकदाच पैसे मिळाले, आणि तेलाच्या दोन पेट्या.
टक्कल पडलं तरी त्या संपल्या नव्हत्या.

संध्याकाळी मात्र बाईंच्या डाव्या अंगाला.
बाई गाताना त्याच्या बोटाकडे बघायच्या,
सा कुठून धरलाय, एवढंच.
चेहऱ्याकडे बघितलेलं मला आठवत नाही.

बाईंना त्रेसष्टावं लागलं त्या वर्षी
गणपती उठल्यावर आला. स्टुलावर बसला.
चहा गार केला.
मग म्हणाला, मेस्त्री,
सगळे सूर थोडे खाली आणता येतील?
किती?
केसभर. बोट तिथंच राहायला हवं.

मी समजलो.
एकेक पितळी सूर काढला,
मुळाशी कानस फिरवली, नखाच्या मळाएवढी.
पुढच्या वर्षी परत केसभर.
त्याच्या पुढच्या वर्षी परत.
तंबोरे पेटीला लागायचे, तबला तंबोऱ्यांना,
आणि या सगळ्यावर बाई निर्धास्त बसायच्या,
उतारावर लावलेल्या गाडीत बसावं तशा.

पार्ल्याच्या बैठकीनंतर पेपरात आलं,
'सत्तरीला टेकल्या तरी बाईंची पट्टी उतरलेली नाही.'
खाली दोन ओळी: 'मुलाची साथ निस्तेज.'
कात्रण घेऊन धावत आला.
वाचलंत? उतरलेली नाही म्हणतायत!
खालच्या ओळींवर अंगठा धरून
मला वाचायला दिलं.

आता जे सांगतो ते त्याला सांगितलेलं नाही.
त्याच पावसाळ्यात गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली.
बाई उतरल्या नाहीत. काच अर्धी खाली.
मी हात पुसत गेलो.
म्हणाल्या, मेस्त्री, यंदा
जरा जास्त घासा.
पोराला कळू देऊ नका. त्याला वाटतं
मला कळत नाही.
आणि पन्नासाची नोट, चार घड्या घातलेली,
अत्तराचा वास अजून माझ्या हिशेबाच्या वहीत आहे.

बाई गेल्या. तेराव्यानंतर तो पेटी घेऊन आला,
भाता फाटला होता म्हणून.
आत एक वेलदोडा, एक तुटलेली टिकली,
मी कागदात बांधून त्याच्या हाती दिलं.
म्हटलं, सूर आता वर आणू या का जागेवर?
टोकाकडून घासायचं, पत्रा पातळ होईल, पण येतील.
तो बराच वेळ काळी चार दाबून बसला.
भाता न हलवता. आवाज नाहीच.
माझ्या जिभेवर टॅक्सी येऊन उभी होती,
मी तिला उतरू दिली नाही.

राहू दे, म्हणाला.

चेंबूरला मुलं शिकवतो आता.
परवा गेलो होतो, भात्याचं चामडं द्यायला.
एक चुणचुणीत पोरगी फोनवर तंबोरा लावून म्हणाली,
सर, तुमची पेटी जुळतच नाही.
बरोबर आहे, म्हणाला.
फोन खाली कर.